भाताखालचं फूल

बर्स्लेमच्या दवाखान्यात गेनॉर नर्सने
तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा
कागदावर लिहून माझ्याकडे सरकवला : एक्क्याऐंशी.
शाळेत एवढे मार्क कधी पडले नव्हते.
"भात किती खाता, डक?" तिने विचारलं.
या गावात सगळ्यांनाच बदक म्हणतात, प्रेमाने.
मी हातांनी ढीग करून दाखवला.
तिने आधी ढिगाकडे बघितलं, मग माझ्याकडे,
मग पुन्हा ढिगाकडे, जो तिथे नव्हता.

आम्ही राजापूरकडची माणसं.
आमच्यात भात खात नाहीत,
भात जेवतात.
बाकी सगळं तोंडीलावणं :
मासे, नोकऱ्या, परदेश.

सत्तावीस वर्षं इथल्या कारखान्यात मी ताटल्या तपासल्या.
नखाने टिचकी मारायची, कान द्यायचा.
खणखणीत वाजली ती पास,
बद्द वाजली ती बाजूला.
आता रोज सकाळी त्याच बोटाला टोचतो.
थेंब. पट्टी. पाच सेकंद.
अकरा पूर्णांक चार.
बद्द.

शशिकलाने बदामाच्या पिठाची भाकरी थापली.
तव्यापर्यंत पोचेतो
तिचे जिल्हे झाले होते.
मग तिने फ्लॉवर किसला, वाफवला, वर तूप सोडलं,
मूद पाडून वाढला आणि म्हणाली, "डोळे मिटून खा."
मिटले.
डोळे मिटल्यावर तो जास्तच फ्लॉवर लागला.

पंधराव्या दिवशी हॅनलीच्या बसस्टॉपवर
हात कापायला लागले, भर थंडीत मानेवर घाम,
दुकानांच्या पाट्या पोहू लागल्या.
साखर तीन पूर्णांक दोन.
कोण कुठला शाळकरी पोरगा,
त्याने आपली ज्यूसची बाटली माझ्या हातात कोंबली
आणि बस सोडली.
"ताट निम्मं केलंत आणि गोळी तेवढीच?
मला आधी सांगायचं ना!" गेनॉर करवादली.
त्या दिवशी डक म्हणाली नाही.
डॉक्टरांना विचारून आली, गोळी अर्धी झाली.

रविवारी अक्काचा फोन.
"भात सोडलास? अरे, काशीला जाऊन सोडतात
आवडीचं काहीतरी. तू काशीला कधी गेलास?"
म्हटलं, "अक्का, इथल्या बसस्टॉपपर्यंत जाऊन आलो."
तिला ऐकू आलं नाही. बरंच झालं.

एक मात्र झालं.
घरातल्या ताटल्या आमच्याच कारखान्याच्या,
किंचित खोट असलेल्या, म्हणून निम्म्या किमतीत आणलेल्या.
परवा एका कडेला बांगडा, एका कडेला पालक,
मध्ये मोकळं,
आणि त्या मोकळ्यात एक निळं फूल.
ताटली घेतली तेव्हा बघितलं असणारच,
जेवताना कधी दिसलं नव्हतं.
पाच पाकळ्या. एक जरा वाकडी.
मीच नापास केली असेल.

काल रात्री पाणी प्यायला उठलो.
खाली स्वयंपाकघरात दिवा.
शशिकला ओट्याशी पाठमोरी उभी,
वाटीत गार भात, दही, मीठ,
पाची बोटांनी कालवत होती.
माझ्यासमोर सहा महिन्यांत
तिने शीतसुद्धा तोंडात घातलेलं नाही.
"मलाही आता नकोसाच झालाय," म्हणायची.
इतकी भूक लागलेली
मी तिला कधी पाहिली नव्हती.
आमच्या जिन्याची चौथी पायरी करकरते.
ती चुकवून वर आलो.
तहान तशीच घेऊन झोपलो.

सकाळी सहा पूर्णांक आठ.
मी मशीन तिच्यापुढे धरलं.
तिने काचेवर टिचकी मारली.
"खणखणीत," म्हणाली,
आणि चहाला वळली, बिनसाखरेच्या.

ओट्याच्या कडेला एक शीत वाळून चिकटलं होतं.
तिचं लक्ष जायच्या आत
मी ते नखाने अलगद सोडवलं,
आणि एकच तर होतं,
जिभेवर ठेवलं.