कुत्र्याचा वाटा

प्रेमावती, तू फोंड्याहून फोनवर विचारलंस,
रानडुकराचं मटण खरंच चांगलं लागतं,
की पुरुषांचं नुसतंच कौतुक?
तेव्हा माझे हात मसाल्याचे होते.
आता सांगते.

आधी विचार, कुठल्या महिन्यातलं.
चैत्रात काजूची बोंडं खाऊन सुटलेलं असेल
तर चरबी बोटाला गोडसर लागते.
थंडीतला, माजावर आलेला एकांडा नर असेल
तर वास.
सांतानच्या बायकोचं माडाचं व्हिनेगर घाल,
तीन रात्री मुरव,
तरी मडकं चुगली करतंच.

परवाचा एकांडाच होता.
रताळ्यांचा अख्खा वाफा नांगरून ठेवलेला,
आमच्या बैलांनाही जमलं नसतं असा.
झिलूच्या बंदुकीत एकच बार,
तो लागला मांडीत.
मग आमचा कबरो पुढे गेला.

वाटे पडले फणसाखाली, केळीच्या पानांवर.
मुंडी बार घालणाऱ्याची,
हाकाऱ्यांना माणशी एक,
आणि एक कुत्र्याचा, ही जुनी रीत.
कबऱ्याचा वाटा मांडला,
खायला कबरो नव्हता.
पोट शिवायला ह्यांनी गोणपाटाची दाभण आणलेली,
सुतळी ओवेपर्यंत आटोपलं.
तो वाटा परत ढिगात घालावा की नाही
यावर माणसं बराच वेळ भांडली,
हात कोपरापर्यंत लाल.
शेवटी कुणीतरी म्हणालं, कुत्रा ज्याचा, वाटा त्याचा.
म्हणून आमच्याकडे दोन आले.

घरात शिजत नाही, तुला ठाऊक आहे.
आत देव, आणि देवांहून कडक सासूबाई.
परसात तीन दगड,
ते काळं मडकं, जे पावसातही बाहेरच राहतं.
आमसुलं, तिरफळं, सुकी मिरची, भाजलेलं खोबरं,
चार तास सावरीची नि काजूची लाकडं.
फेणी अर्धी बाटली,
त्यातली मडक्यात किती गेली, मला विचारू नकोस.

चव?
धागे लांब, दातांत बसणारे.
वास होताच.
पण त्याच्या खालून, अगदी खालून,
रताळं.
नवल नाही, पंधरा दिवस तेच खात होता,
मी कंबर मोडून लावलेले वेल.
मला वाटलं, हे तर आपलंच परत आलं,
फक्त फार महाग पडलं.

झिलूने तीनदा मागून घेतलं.
पोरांनी हाडं चोखून शिट्ट्या केल्या.
सांतान म्हणाला, बाये, आणखी एक रात्र मुरायला हवं होतं.
ह्यांनी भाकरी, मीठ, कांदा.
मी वाढायला गेले तर पानावर हात आडवा.

मग हाडं टाकायला मागच्या दारी गेले
आणि सवयीने तोंडात हाक आली.
अर्धीच आली.
सासूबाईंनी आतून विचारलं, कोण गं?
म्हटलं, कुणी नाही.

सकाळी वाफ्यात खुरांचे ठसे होते.
बारीक, चार-पाच पिल्लांचे.
ह्यांनी पाहिले, मला दाखवले,
आणि पायानेच माती सारखी केली.

तर चांगलं लागतं का, ते तूच ठरव.
दुसऱ्या वाट्यातलं डब्यात भरून ठेवलंय,
वाळपईची बस पकडून भाऊ उद्या येईल.
पुन्हा एकदा शिजव, वास आला तर आमसूल वाढव.
आणि वाटेत कुणी डबा उघडायला लावला
तर त्याला सांगून ठेव,
बोकडाचं म्हणायचं.