विसावा नंबर

अमळनेरहून सहा वाजून दहाची एसटी,
धरणगावला पाच मिनिटं थांबते,
पाळधीनंतर दाराशी येऊन उभं राहायचं
आणि गिरणेचा पूल यायच्या आत उतरायचं.
वय बत्तीस. एम.बी.ए. फायनान्स, पहिलं वर्ष.
वर्गातली पोरं मला ताई म्हणतात
आणि कॅल्क्युलेटर मागतात.

बेंडाळे मॅडमनी फळ्यावर लिहिलं :
आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोठा.
का?
महागाई, म्हणाला एक. जोखीम, म्हणाला दुसरा.
मी वहीच्या कोपऱ्यात लिहिलं :
कोकिळाबाईचं अपेंडिक्स.

कारण आमच्या ओट्यावर भिशी चालते,
वीस बाया, महिन्याला पाचशे,
स्टीलच्या डब्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या.
लहानपणी त्या मीच काढायचे,
हात स्वच्छ धुऊन, डोळे मिटून,
आणि मोठ्यानं नाव वाचायचे,
तेव्हा सगळ्या ओट्याचा श्वास माझ्या बोटांत असायचा.

प्रकल्पासाठी आईच्या वह्या मागितल्या.
एकोणीस वर्षं, अकरा पूर्ण फेऱ्या.
लॅपटॉपवर वीस ओळी मांडल्या, आयआरआर काढला,
वीसही जणींचा शून्य.
दिलं तेवढंच मिळालं, एक रुपया कमी नाही, जास्त नाही.
पण आठ टक्क्यांनी वेळ मोजायला घेतला
तेव्हा ओळी हलल्या :
पहिली वर, विसावी खाली,
विसावीचं नुकसान फेरीला सहाशे एकोणसाठ.
विसावं नाव अकराही फेऱ्यांत एकच होतं.

चिठ्ठ्यांत असं होत नाही.
असं व्हायची शक्यता काढायला बसले
तर लॅपटॉपनं दशांश चिन्हापुढे शून्यांची रांग लावली.
मग कळलं.
आईच्या नावाची चिठ्ठी
डब्यात कधी टाकलेलीच नव्हती.

वरणाला फोडणी देता देता तिला म्हटलं,
सव्वासात हजार गेले तुझे, आई, व्याज धरून.
ती म्हणाली,
"माले काय घाई व्हती? जिले आधी लागस, तिले आधी.
तुना पुस्तकमा हाई नही शे का?"
आणि झाकण ठेवलं.

पुस्तकात जोखमीचा धडा आहे.
अण्णांनी पतसंस्थेत तेरा टक्क्यांनी ठेवले होते,
त्या पावत्या अजून पेटीत आहेत,
कडक, कोऱ्या, शिक्क्यांच्या.
भिशीला शिक्का नाही.
भिशी बुडाली नाही.
प्रकल्पात हे मी एका वाक्यात लिहिलं.
मॅडमनी लाल पेनानं विचारलं : नमुना फक्त वीस?
बरोबरच आहे त्यांचं.

परवा आखाजी.
नवी फेरी सुरू, एक बाई पंढरीला नव्हे, पुण्याला मुलाकडे गेली,
तिच्या जागी मी.
दुसऱ्या वर्षाची फी पंधरा जूनपर्यंत,
उशीर झाला तर रोजचे पन्नास.
हे मी आईला सांगितलं नव्हतं.
मी तिची चिठ्ठी स्वतः लिहिली,
डब्यात टाकली, सगळ्यांसमोर,
तिनं काही म्हटलं नाही, फक्त पदर सारखा केला.

शेजारच्या पोरानं हात घातला.
मथुराबाई बडगुजर.
ओट्यावर टाळ्या, कुणीतरी सांजोरीचं ताट फिरवलं,
मथुराबाईनं बोट ओलं केलं,
वीस नोटा पाचशेच्या मोजल्या,
मग माझ्या पुस्तकांच्या पिशवीकडे बघितलं,
माझ्याकडे बघितलं,
आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.