चिकटपट्टी

आमच्या रेनॉला एक जखम होती.
डॅशबोर्डवर, घड्याळाच्या डाव्या अंगाला,
नखाएवढी.
आईने तिच्यावर पट्टी लावली होती,
दवाखान्यातली, कातडीच्या रंगाची,
कडांना मळलेली.
पट्टीखालून केशरी काहीतरी ठणकत राहायचं.

मी आणि आबेल मागच्या सीटवर,
लोकरीच्या पोत्यांत अर्धे बुडालेले.
आबेल म्हणायचा, गाडीला ताप आहे.
मी म्हणायचे, आई नर्स आहे, तिला कळतं.

ग्रेगोरेसच्या पुढे डांबर संपतं आणि खडी सुरू होते.
दोन्ही बाजूंना काही नाही.
काटेरी झुडपं, कुंपणाच्या तारेवर वाळलेला
उडी चुकलेला एखादा ग्वानाको,
आणि वारा.
पातागोनियात वारा म्हणजे घरातला तिरसट म्हातारा,
त्याला विचारल्याशिवाय
गाडीचं दारही उघडायचं नाही.

वीस तारखेनंतर आई पाच-पाच लिटर भरायची.
"टाकी फुल्ल करू, नेलिदा?"
ओस्वाल्दो दर वेळी विचारायचा, थट्टेने,
आणि आई दर वेळी त्याच्या तळहातावर
नोटा मोजून ठेवायची, गोळ्या दिल्यासारख्या:
ही सकाळची, ही रात्रीची.

आज गाडी माझी आहे. हप्ते अजून चालू.
आई शेजारी, मांडीवर डोळ्यांच्या तपासणीचे कागद,
तोंड उघडं टाकून झोपलेली.

टिंग.

नवा दिवा नुसता लागत नाही, बोलतो.
साठ किलोमीटर, म्हणाला.
पुढचा पंप शहाऐंशी.
मी पाय दाबला.
घाबरलेला माणूस वेग वाढवतो,
जणू पेट्रोल संपायच्या आत पोचून घ्यावं.

"पाय काढ," डोळे न उघडता आई म्हणाली.
"हीटर बंद कर. वारा समोरून आहे. थांब."
"इथे?"
"इथेच. सहानंतर तो दमतो."

थांबलो.
उभ्या उभ्या गाडी हलत होती.
थर्मासमधलं उरलेलं कडू पाणी
आम्ही एकाच नळीने प्यायलो, आळीपाळीने.

मी विचारलं, तेव्हा कधी अडकलो होतो का गं आपण?
"दोनदा. तुम्ही दोघं झोपला होतात."
"मग?"
"मग काय. कॅन घेतला, चालले."
किती, ते तिने सांगितलं नाही.
मला एकदम तिचे पांढरे बूट आठवले,
दाराशी काढून ठेवलेले,
तळवे खडीने कुरतडलेले.
आम्हाला वाटायचं, दवाखान्यातली फरशी खडबडीत असेल.

"आणि पट्टी कशाला लावलीस?"
"तो तेच तेच सांगायचा.
मला पाठ झालं होतं."

सव्वासहाला कुंपणाच्या तारा शिट्टी वाजवायच्या थांबल्या.
निघालो, पंचावन्नने, वरच्या गिअरमध्ये.
चढावर मी पुढे झुकले, उतारावर श्वास कमी घेतला,
जसा काही त्याने फरक पडतो.
आकडा बावीस झाला, मग नऊ,
मग आकडा गेलाच, नुसत्या दोन रेघा.

रेघा आल्या तेव्हा आईने हात पुढे केला
आणि अंगठा बरोबर दिव्यावर ठेवला.
मोतीबिंदूच्या डोळ्यांना तो दिसतही नसावा.
ठणक कुठे आहे, ते नर्सच्या हाताला कळतं.

लास बार्दासला पोचलो तेव्हा अंधार,
आणि पंपाला साखळी.
आतून एक मुलगा आला, कानटोपीतला, तोंडात घास.
"टँकर गुरुवारी," म्हणाला.
"आणि आज?" आईने विचारलं.
"मंगळवार."

आई हसायला लागली.
इतकी, की मांडीवरचे कागद घसरून पायाशी गेले,
मुलगा घास चावायचा थांबला.
मी चावी फिरवली, काढून घेतली.
सगळे दिवे गेले.

अंगठा तिने अजून उचलला नव्हता.