मागची पाटी

विस्कॉन्सिनात गाडीला दोन पाट्या लागतात,
एक पुढे, एक मागे.
न्यू मेक्सिकोत एकच, मागची.
पुढे काय लावायचं ते तुमचं तुम्ही बघा,
खिडकीतली बाई म्हणाली,
आणि माझ्या जुन्या परवान्याला तिने भोक पाडलं,
फोटोतल्या माझ्या बरोबर गळ्याशी.

पंधराशे मैल आलो आम्ही
माझ्या नोकरीपायी.
हे वाक्य घरात कुणी उच्चारत नाही.
श्रीरंग तर मुळीच नाही. त्याने खोक्यांवर मार्करने लिहिलं होतं:
स्वैपाकघर, स्वैपाकघर दोन, कसलंतरी,
आणि शेवटच्या सात-आठ खोक्यांवर
नुसतंच प्रश्नचिन्ह.

ऋजुता आयोवापासून बोलली नाही.
मिसूरीत एकदा "भूक नाही."
कॅन्ससमध्ये वाऱ्याने गाडी हलली तेव्हा दचकली, तेवढंच.
ओक्लाहोमा आख्खं कोरडं.
धाकटा निहार प्रत्येक राज्याच्या हद्दीला
दोन्ही पाय वर उचलायचा,
रेष पायाला लागू नये म्हणून.
टेक्सास आलं तेव्हा मीही डावा पाय उचलला.
तो तसाही रिकामाच होता.

लास क्रुसेसला नदी आहे.
नकाशात चांगली जाड, निळी.
आम्ही पुलावरून पाहिलं तर खाली नुसती वाळू
आणि तिच्यातून धावत सुटलेलं कुणाचं तरी कुत्रं.
"उन्हाळ्यात सोडतात," शेजारचे आर्मिहो म्हणाले,
"पेकानच्या बागांना पाळी असते."
माझं लहानपण राहुरीचं, पाटाच्या कडेचं.
आमच्याकडे याला आवर्तन म्हणतात,
इतकंच सांगायचं होतं मला,
पण सांगायला लागले तर वाक्य लांबत गेलं
आणि ते बिचारे कचऱ्याचा डबा धरून
मान हलवत उभे.

रविवारी जुनी पाटी काढायला घेतली.
तेरा हिवाळ्यांचं रस्त्यावरचं मीठ
स्क्रूंच्या डोक्यात बसलेलं.
श्रीरंगने तेल सोडलं. थांबला. शिवी गिळली. परत तेल.
आई फोनवर होती. "बरं झालं," म्हणाली,
"नवं राज्य, पाटी कोरी."
मी तिला गंज दाखवला नाही.

मग ऋजुता आली, न बोलावता,
आणि माझ्या हातातून तिने स्क्रूड्रायव्हर घेतला.
जानेवारीत हिला मी शाळेच्या मोकळ्या पार्किंगमध्ये
बर्फावर गाडी शिकवत होते.
घसरली तर स्टीअरिंग कुठे वळवायचं?
जिकडे घसरते तिकडेच, असं सांगितलं होतं मी
मोठ्या तज्ज्ञासारखं,
खिशात या नोकरीचं पत्र ठेवून.

तीन स्क्रू निघाले.
चौथा तुटला.
डोकं तिच्या तळहातावर, धड आत.
"राहू दे आतच," ती म्हणाली,
आणि डोकं कुठे टाकलं की ठेवलं, ते मी पाहिलं नाही.

नवी पाटी पिवळी आहे, मधोमध तांबडा सूर्य.
तीन स्क्रूंवर बसते.
कच्च्या रस्त्याला डावा कोपरा वाजतो.

काल मातीचे नमुने आणायला निघाले
तेव्हा तीच चालवत होती,
शिकाऊ परवाना डॅशबोर्डवर, सगळ्यांना दिसेल असा.
मी शेजारी, मांडीवर रिकाम्या पिशव्या.
"हे सगळं तुझ्यासाठी केलं ना आपण?"
आरशात बघत विचारलं तिने.
"हो."
मला वाटलं होतं, हे बोलायला
निदान एक मोठं भांडण लागेल.

पुढे बराच वेळ मिरच्यांची रिकामी शेतं.
वळणावर वाळू होती. गाडीची मागची बाजू
जराशी सुटली,
आणि ऋजुताने, थोड्या उशिराच,
जिकडे घसरत होती तिकडे स्टीअरिंग वळवलं.