छाट

गड्डा उठून चार दिवस झालेले.
सकाळी सातला मी फाटकाची साखळी काढतो.
तिकीट दहा रुपये, रोजच्यांना महिन्याचा पास,
कुत्रं आत नाही, फुटाणे चालतील.

टेकडी म्हणायचं आपलं.
घाटाकडचा माणूस हसेल.
मुरमाचा उंचवटा, वर हिवर, खैर, तरवड,
कुसळी गवत गुडघाभर, पिवळं पडलेलं,
आणि वनखात्याची निसर्गवाट, दीड किलोमीटर,
कडेनं चुना फासलेले दगड,
झाडांना पत्र्याचे फलक. अक्षर माझं.

त्या दिवशी चिलवेरी मावशी आली, एकटीच,
विडी घरकुलातून, दोन रिक्षा बदलून.
पायात स्लीपर, पिशवीत पाण्याची बाटली.
तिकिटाची घडी करून कमरेला खोचली
आणि विचारलं,
तुनिकाकूचं झाड कुठल्या बाजूला?

मला कळलं नाही.
तेंदू रे. विडीचं पान.

म्हटलं, ते इकडं नसतं मावशी.
ते गडचिरोलीकडं, गोंदियाकडं, पार तेलंगणात.
ती म्हणाली, टेंभुर्णी तर आपल्याच जिल्ह्यात आहे की,
पुण्याला जाताना गाडी थांबते चहाला.
नाव काय उगाच पडलं?

ह्यावर माझ्याकडं फलक नव्हता.

बघते तरी, म्हणत ती चालू लागली. मी मागं.
फलक तिनं वाचलेच नाहीत.
पान अंगठा आणि बोटात धरायची,
जरा चोळायची, उन्हाकडं करायची :
हे चुरतं.
हे जाड.
ह्याला शिरा फार, तंबाखू सांडंल.
बाभळीपुढं उभी राहून मात्र खुदकन हसली,
हे वळायला मुंगी पाहिजे, म्हणाली.

सत्तेचाळीस वर्षं, दिवसाला हजार.
मी हिशेब करायला गेलो आणि सोडून दिला.
रात्री भिजवलेलं, ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं,
पहाटे पत्र्याच्या मापावर कातरलेलं
एवढं पान हातातून गेलं,
आणि ती सांगत होती, चढावर थांबत थांबत,
"आमच्याकडं ते पुड्यानं यायचं.
झाडानं कधी आलं नाही."

माथ्यावर दगडी बाक आहे. बसली.
खाली सोलापूर, धुरकट, पाण्याच्या टाक्या,
आणि लांब पूर्वेला तिची वसाहत,
एकसारखी घरं, पंचवीस-पंचवीसच्या कट्ट्यात
बांधून ठेवल्यासारखी.
तित्तर ओरडला कुठंतरी. वारा होता.
तिनं लांब श्वास घेतला, मग दुसरा,
आणि म्हणाली, इथं तंबाखूचा वास नाही,
काहीतरी घरी विसरून आल्यासारखं वाटतं.

उतरताना, फलक क्रमांक सोळा, आपटा.
दसऱ्याला लोक फांद्या ओरबाडतात त्याच्या,
एरवी कुणी बघत नाही.
ती थांबली. ह्याच्याही वळायचे, म्हणाली,
सासू सांगायची.
पान तोडणं नियमात बसत नाही.
मी टिटवी बघायला तोंड फिरवलं.

वळून बघतो तर
कातर नाही, सूप नाही, तंबाखू नाही,
मांडीवर नुसता पदर,
आणि दहा बोटं आपापल्या कामाला लागलेली.
नजर तिची दुसरीकडंच, खैराच्या शेंगांवर.
पदराचा एक दोरा दातानं तोडून
तिनं बांधलीसुद्धा.
रिकामी विडी. माझ्या हातावर ठेवली.
"छाट आहे," म्हणाली, "चेकर घेणार नाही."

फाटकाशी तिकीट पुढं केलं :
झाड नाही तर पाच रुपये परत दे.
म्हटलं, तशी पद्धत नाही मावशी.
मग दिले. माझ्या खिशातले.
तिनं मोजून घेतले.

विडी मी नोंदवहीत ठेवलीय, त्या तारखेच्या पानात.
महिना होत आला. पान वाळून तांबूस झालं,
कडा मोडतात हात लावला की.
दोरा अजून सुटलेला नाही.

काल साहेबांनी पावसाळ्यातल्या रोपांची मागणी मागितली.
कडुनिंब दोनशे, खैर शंभर, आपटा पन्नास.
खाली पेन्सिलीनं लिहिलं, तेंदू, एक.
ह्या मुरमात तो जगायचा नाही.
साहेब खोडतील, खोडू देत,
पेन्सिलच आहे.