गोणपाटाचा लंगोट

दत्तजयंती झाली की घरच्या बोकडाला
मी गोणपाटाचा लंगोट बांधते,
पोटाखालून घेऊन पाठीवर,
सुंभाच्या चार गाठी.
रखमा कोयंडे कुंपणावरून हसते,
"ह्येका खयच्या लग्नाक धाडतंस गे?"

हसू दे.
तिच्या शेळ्या गेल्या मृगात व्याल्या.
मांगराच्या ओलीत करडं खोकली
आणि आठवड्यात आटोपली.
दिवस मागे मोजायचे असतात,
व्यायचा महिना आधी ठरवून
तिथून पाच महिने उलटं चालत यायचं,
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.
मलाही नव्हतं.
पोफळीच्या आळ्यात चार पुरली
तेव्हा कळलं.

बोकड रागावतो. खांब हुंगतो,
वरचा ओठ उलटा करून आभाळाला दात दाखवतो,
स्वतःच्याच दाढीवर मुततो
आणि माझ्याकडे असा बघतो
की जणू मीच त्याची सासू.
वैशाखात सोडला असता,
पण कळपातल्या पाच जणी त्याच्याच लेकी.
लंगोट आधी पावसासाठी असतो,
मग नात्यासाठी.

म्हणून पाहुणा आणला पलीकडून,
इस्माईल मुजावरचा, पांढरा, काळ्या कानांचा.
एकवीस दिवसांचे बाराशे
आणि रोज मूठभर मक्याचा भरडा.
पंधरा दिवस आधीपासून शेळ्यांनाही भरडा,
फणसाचा पाला, मिठाचा खडा.
पोटात जागा असली पाहिजे, इस्माईल म्हणाला,
मग देव बघतो.
वामन तारीनं खाडी पार करताना
माणसाचे दहा घेतले, बोकडाचे वीस,
"वासाचे वायले," म्हणाला,
आणि नाकाला टॉवेल लावून वल्हं मारत राहिला.

वही माझी जुनी, बँकेनं दिलेली.
भुरी, मे नऊ, सकाळ.
बांडी, अकरा, दोनदा.
कापशी लाजली, तेरा, रात्री.
मोरीचं खरं खोटं कळलं नाही,
पुढे प्रश्नचिन्ह.

तांबडीची ओळ कोरी.
दोन वर्षं कोरीच.
नवरा रत्नागिरीच्या ट्रॉलरवरून फोनवर म्हणाला,
"ती आता इकून टाक."
खाटीक सात हजार बोलला, पाठीवर हात फिरवून.
मी हो म्हटलं.
भरडा मात्र बंद केला नाही.

अठ्ठावीसला पाहुण्याला परत न्यायचं.
जेटीकडे निघाले तर तांबडी दावं तोडून मागे,
ओरडत, शेपटी अशी हलवत
की जणू कुणी तिला भात पाखडायला सांगितलंय.
तर भरलेली होती,
एका नवऱ्याकडची मंडळी, डोक्यावर ट्रंक,
दोन टोपल्या बांगडे.
"पाणी उतारता हा, बाये," वामन म्हणाला.
मी म्हटलं, थांब.
तो थांबला.
मंडळी कांदळवन बघू लागली,
एकानं कावळे मोजले,
करवलीला हसू आवरेना, तिनं पदर तोंडात कोंबला.
कितीसा वेळ लागतो?
विडी पेटवून एक झुरका घेईपर्यंत.
पण तर चिखलात रुतली ती रुतलीच,
नि तासभर सगळे माझ्या नावानं बोटं मोडत बसले.

तांबडी, मे अठ्ठावीस, जेटीवर.
धरली असेल तर ऑक्टोबर पंचवीस,
भात कापून झालेलं असेल, उन्हं कोवळी.
उलटली तर जून अठरा.

आज अठरा.
बंदी लागल्यापासून नवरा घरी,
कौलं चाळून झाली त्याची, आता जाळं विणतोय.
मांगरात बॅटरी घेऊन मी
संध्याकाळपासून तिची शेपटी बघत बसलेय.
ती रवंथ करते.
शेपटी हलली.
"काय झालां?" तो बाहेरून विचारतो.
माशी असेल.
बॅटरी जरा जवळ नेते.
माशी दिसत नाही.
"थांब," मी म्हणते.