अशी फाइल नाही

लोटलीच्या खाजनात, मानशीच्या दाराशी,
पाण्याची उंची मोजणारा एक डोळा बसवलाय.
पाच महिने नीट मोजत होता.
मग एका अपडेटनंतर संघाच्या जुन्या लॅपटॉपने
त्याला ओळख देणंच सोडलं.
कुळांच्या संघाचे खजिनदार शाबलो गावडे म्हणाले,
बाय, अमावास्येच्या आत कर काय ते.
उधाण काय कुणाची वाट बघत नाही.

म्हणून रात्री साडेदहाला मी कर्नल बांधायला बसले,
जाळी ठेवायच्या खोलीत,
ओल्या सुतळीच्या वासात.
कायतान बाहेर, मानशीवर.
ओहोटी लागेपर्यंत त्याला झोप नाही.

मेक म्हटलं. फ्लेक्स सापडला नाही. आणला.
मेक. बायसन सापडला नाही.
रेंज फक्त बांधावर, तिसऱ्या माडाखाली,
दरवेळी लॅपटॉप लेकरासारखा कडेवर घेऊन जायचं,
डास खात उभं राहायचं, परत यायचं.
घाई झाली म्हणून चारही कोअर एकदम जुंपले,
तर ओळी अशा सुटल्या
की चूक वर कुठेतरी वाहून गेली
आणि तळाशी नुसता हंबरडा उरला: एरर दोन.

मग एकच जुंपला. सावकाश.
तेव्हा पहिली चूक हाती लागली.
पहिलीच खरी असते,
बाकीच्या तिच्यामागून रडायला आलेल्या.

जेल्फ डॉट एच. अशी फाइल वा डिरेक्टरी नाही.

हे कसं? शोधलं तर लिबेल्फ घरातच होती,
युएसआरच्या लिबमध्ये, एसओ डॉट वन,
आपल्या जागी, धडधाकट.
कितीतरी प्रोग्रॅम रोज तिच्या जिवावर पोट भरतात.
चालवण्यापुरती आहे.
काही बांधायला काढलं, की नाही.

कायतान दाराला टेकून बघत होता.
रोमी अक्षरांतलं प्रार्थनेचं पुस्तक वाचून वाचून
फाटेपर्यंत वापरलेला माणूस.
मी टाइप केलेलं नाव
त्याने ओठांनीच जुळवत नेलं:
लिब. एल्फ. एक आडवी रेघ. मग
"देव."
थोडा थांबला.
"देव ना? खंय गेलो?"

डेव्ह म्हणजे डेव्हलपमेंट, मी सांगणार होते.
त्यात हेडर असतात,
आत कोण कोण आहे,
कुणाला कुठल्या नावाने हाक मारायची,
हे बांधणाऱ्याला सांगणारे.
तोंड उघडलं, आणि मिटलं.

आमच्या गावाचं तरी दुसरं काय आहे?
तळी आहे. पाणंद आहे.
गावाचं नाव लावणारी आडनावं आहेत.
देव नदीपलीकडे,
कुठल्याशा रात्री होडीतून नेलेला,
चारशेच्या वर वर्षं झाली.
गाव चालतं.
पण घर बांधायला काढलं, की पहिला नारळ पलीकडे.

आणि कायतानच्या घरातल्या कुणाचं तरी
तेव्हा वेगळं नाव असणार.
त्यावर आम्ही बोलत नाही.
सुंगटांच्या भावावर बोलतो.

बांधावर गेलो. तो बॅटरी घेऊन पुढे.
लिबेल्फच्या मागोमाग झेडलिबचाही आला, न बोलावता.
"एकटो कसो येतलो," कायतान म्हणाला.
ओपनएसएसएलचा उद्या अडवणार हे आता कळलं होतं,
तोही घेतला. आणि तरी
परत आल्यावर मेक अडला तो बीसीवर,
एवढ्याशा गणिताच्या हत्यारावर,
ज्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं.
पुन्हा माड.

मग तास तास नुसतं सीसी, सीसी, सीसी.
पंखा गरम. मी गोणीवर झोपले.
पहाटे कायतानने दार उचललं
तेव्हा फळ्यांचा आवाज आला, जाळ्यात फडफड झाली.

सकाळी लॅपटॉप पुन्हा सुरू केला.
डोळ्याने आकडा दिला: एक मीटर बारा.
कायतानने आपली खुणांची काठी बुडवली,
वर काढली, ओली रेघ उन्हात धरली.
त्याच्या मते दोन बोटं कमी.

यंत्र खरं की काठी,
ते अजून ठरायचं आहे.